ऋतू आणि ताट : येळवसेची भज्जी आणि आंबट भात

गेल्या आठवड्यात चीनमधल्या ‘लाबा’ लापशीपर्यंत आपण आलो होतो. तिथल्या पंचांगाच्या बाराव्या महिन्यात, आठव्या दिवशी चिकट तांदूळ, तांबडी कडधान्यं, कमळबिया, वाळवलेली बोरं, शेंगदाणे असं सगळं एका भांड्यात शिजतं. बौद्ध मठांतून ती वाटण्याची चाल सोंग राजवटीपासूनची, आणि तिच्यामागे गोष्ट सांगतात ती बोधगयेजवळ सुजातेनं सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची.

आता अशाच अनेक दाण्यांच्या पदार्थासाठी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला येऊ. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला (इकडे ‘येळवस’), लातूर-धाराशिवकडचा आणि सीमेपलीकडच्या बीदरचा शेतकरी घरादारासह रानात असतो. २०२४ साली येळवस ११ जानेवारीला होती आणि लाबा १८ जानेवारीला. दरवर्षी असं जुळत नाही, पण थंडी तीच.

कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि नैवेद्य दाखवायचा. ताटातली माझी आवडती म्हणजे भज्जी. आदल्या रात्री बायका शेंगा सोलत बसतात. तुरीचे ओले दाणे, सोलाणा, वाटाणा, पावटा, जोडीला गाजर, वांगं, मेथी, चुका. सगळं शिजलं की ताकात कालवलेलं बेसन लावायचं आणि वरून लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी. ती बाजरीच्या उंड्यांबरोबर खायची, मडक्यातलं आंबील प्यायचं.

आणि आंबट भात. आज तो पुष्कळ घरी तांदळाचा होतो, पण हा मुलूख ज्वारीचा. तांदूळ इथं विकत आणायचा, म्हणून सणासुदीचा. भरडलेली ज्वारी मऊ शिजवून, निवल्यावर ताकात कालवून केलेला ‘भात’च इथला जुना, असं माझं मत आहे.

या जेवणाचं मूळ कुणी पांडवांत शोधतं, तसं लाबाचं सुजातेत. मला ते रानात दिसतं. या अमावस्येला खरिपाची तूर काढणीला आलेली असते, रब्बीचा हरभरा घाट्यात असतो, ज्वारी निसवत असते. एक हंगाम घरात येतोय आणि दुसरा उभा आहे, अशा मोजक्या दिवसांतच इतक्या जातीचे ओले दाणे एकदम मिळतात. भज्जी मे महिन्यात करून पाहा. ती होत नाही.

म्हणूनच सोयाबीनमुळे काळजी वाटते. त्यानं लातूरच्या बाजारात पैसा आणला, हे खरंच. पण दिवाळीच्या आसपास ते निघालं की पुढं निव्वळ हरभरा, आणि बांधावरचा पावटा, तुरीचं पाटं, ज्वारीचा पट्टा मागं पडला. आता येळवसेच्या आदल्या दिवशी शेतकरीच बाजारात पावशेर-पावशेर शेंगा घेताना दिसतो. ज्यांच्याकडे विहिरीचं पाणी आहे, त्यांनी दोन ओळी पावट्याच्या आणि दोन तुरीच्या जरूर ठेवाव्यात.

पुढच्या भागात आंबील आणि ते आंबवायची रीत.