लांबूनच बघू दे त्याला

पाच-सहा महिन्यांचं गावठी पिल्लू घरी आणलं आणि ते दिवाणाखाली जाऊन बसलं, की बघायला येणारा प्रत्येक जण एकच निदान करतो, "कुणीतरी मारलं असणार बिचाऱ्याला." सातारा असो की सांगली, हे वाक्य ठरलेलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा त्याला कुणी काहीच केलेलं नसतं. लहानपणी माणूस जवळून भेटलाच नाही, एवढंच घडलेलं असतं.

नव्या गोष्टी बिनधास्त स्वीकारायचा पिल्लाचा काळ फार थोडा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी १९६१ साली हे दाखवून दिलं. कुंपणाच्या आत माणसाच्या संपर्काशिवाय वाढवलेली पिल्लं त्यांनी वेगवेगळ्या वयात बाहेर आणली. चौदा आठवडे माणूस न भेटलेली पिल्लं रानातल्या जनावरासारखी बुजरी झाली होती.

आपल्याकडच्या भटक्या कुत्र्या बहुतेक करून थंडीत पिल्लं घालतात. म्हणजे हे मोलाचे आठवडे नेमके ऊसतोडीच्या हंगामात येतात. कराड-वाळवा पट्ट्यात त्या दिवसांत रस्त्यावर काय चालतं, ते सांगायला नको. डबल ट्रॉल्या, वर कानठळ्या बसवणारी गाणी. फडाच्या कडेला जन्मलेलं पिल्लू ट्रॅक्टर जवळून बघतं आणि माणूस लांबून. त्यातून जगणारी थोडी. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं पाहिली. त्यातली सातव्या महिन्यापर्यंत १९ टक्केच उरली आणि एकूण मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता. माणसाला भिणाऱ्या पिल्लाचा हिशेब चुकलेला नसतो!

असं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, याला प्राणिमित्रांच्या गोतावळ्यात 'फॉस्टरला घेणं' म्हणतात. सांगली-सातारा-सोलापूर भागात बैलांच्या कामासाठी ओळखली जाणारी 'अ‍ॅनिमल राहत' कुत्र्यांसाठीही काम करते. पण संस्था कितीही चांगली असली, तरी भेदरलेल्या कुत्र्याला हवा असतो तो घरातला कोपरा. पाठीला भिंत, अंगाखाली जुनं पोतं आणि समोर ये-जा करणारी, पण त्याच्याकडे रोखून न बघणारी माणसं.

इथे शेजारी सल्ला देतात, "चार लोकांत न्या, आपोआप धीट होईल." मग त्याला संध्याकाळी साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीवर नेलं जातं. तिथे ते थिजून उभं राहतं आणि लोक म्हणतात, "बघा, कसं शांत झालं." ते शांत झालेलं नसतं, त्याने हात टेकलेले असतात. माझ्या मते या सल्ल्याने जेवढी कुत्री बिघडली, तेवढी दुर्लक्षानेही बिघडली नसतील.

यावरचा उपाय शंभर वर्षं जुना आहे आणि तो सापडला माणसाच्या पोरावर. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. त्याला सशाची भीती. तो आवडीचा खाऊ खात असताना बाई पिंजऱ्यातला ससा लांब ठेवत आणि हळूहळू जवळ आणत. पथ्य एकच, पीटरचं खाणं थांबता कामा नये. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. हा वृत्तान्त त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला.

कुत्र्याचंही तेच. सकाळी सांगलीच्या आमराईत फिरायला येणारी माणसं त्याला लांबून बघू द्यावीत आणि प्रत्येक माणसामागे उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यावा. तुकडा तोंडात घेईना, उगाच जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं किंवा डोळ्याचं पांढरं दिसू लागलं, की आणखी मागे सरकावं.

घरात एक दृश्य हमखास दिसतं. हातावरचा तुकडा घ्यायला ते मान लांबच लांब ताणतं, पुढचे पाय पुढे येतात, मागचे मात्र पळायच्या तयारीत जागच्या जागी. घरच्यांना आनंद होतो. खरं तर त्या क्षणी त्याची ओढाताण चाललेली असते, कारण चिकन ओढतंय आणि माणूस ढकलतोय. तुकडा संपला, की आपण किती जवळ आलो ते त्याच्या ध्यानात येतं आणि मग ते दचकतं, क्वचित चावतंही. म्हणून तुकडा त्याच्या पाठीमागे टाकावा. लांब जाऊन खाल्लं, की ते आपणहून परत वळतं. जवळ येणं ही त्याची मर्जी झाली, की काम निम्मं झालं. पुढे हात लावू देईल तेव्हा डोक्यावरून नको, छातीला खाजवावं. दोन-तीन सेकंदांनी थांबावं आणि ते पुन्हा अंग घासतंय का ते बघावं. आयसरच्याच गटाला २०१७ मध्ये दिसलं, की भटक्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास नुसत्या खाऊपेक्षा कुरवाळण्याने जास्त वाढतो.

खाऊवरून एक आठवलं. तासगाव भागात घरोघरी बेदाण्याची वाटी असते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, एक दाणाही देऊ नये. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर मिळते, ती टोचून घ्यावीच. तरी दात लागलेच, तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

गणपतीतल्या डॉल्बीवर यातलं काहीच चालत नाही. त्या रात्री खिडक्या लावाव्यात, पंखा-टीव्ही चालू ठेवावा आणि कुत्रं मोरीत जाऊन बसलं, तर बसू द्यावं.

कायमचं घर मिळालं, की पोतं न धुता सोबत द्यावं. भ्यालेलं कुत्रं मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं, म्हणून छातीभोवतीचा हार्नेसही द्यावा. आणि नव्या घरच्यांना एक अट घालावी, पहिल्या महिन्यात सत्यनारायण नको.