गाठ एका रात्रीत होत नाही

आमच्या गल्लीतील एक आजोबा यकृताच्या कर्करोगाने गेले, तेव्हा सारे म्हणाले, "परवापर्यंत धडधाकट होते. गाठ अचानक आली." घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांनी मलाच विचारले, "असं होतं का रे?" मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी! ग्रंथालयात बसून जे समजले, ते येथे मांडतो.

यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात. पण पांढऱ्या उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला, तर उरलेल्या पेशी वाढू लागतात. सुमारे ८-१० दिवसांत यकृत पूर्वीएवढे होते आणि वाढ आपोआप थांबते.

टोरांटोच्या सॉल्ट व फार्बर या शास्त्रज्ञांनी १९७६ साली या गुणाचा उपयोग करून घेतला. त्यांनी उंदरांना डायएथिलनायट्रोसामाइन या रसायनाची एकच मात्रा दिली. त्यामुळे मोजक्या पेशींच्या आनुवंशिक द्रव्यात बदल झाला. नंतर त्यांनी खाद्यातून दुसरे रसायन सुरू केले आणि मध्येच यकृताचा मोठा भाग काढला. वाढीची हाक सर्वच पेशींना गेली. परंतु दुसऱ्या रसायनाने निरोगी पेशींची वाढ रोखली होती. बदललेल्या पेशी मात्र त्या विषाला दाद देईनात. पाऊस साऱ्या शिवारावर पडावा, पण पीक करपलेले असल्यामुळे तणच माजावे, तसे झाले. थोड्याच दिवसांत यकृतात बारीक गाठी दिसू लागल्या.

मित्रहो, महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या गाठी म्हणजे कर्करोग नव्हे. त्यांपैकी बहुतेक पुढे निरोगी यकृतासारख्या होतात. थोड्या टिकतात आणि त्यांतील एखादीतून कित्येक महिन्यांनी कर्करोग उद्भवतो. उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे! माणसात ही वाटचाल अनेक वर्षे चालते.

हे ऐकून वडील म्हणाले, "मग आधी कळलं कसं नाही?" कारण यकृताचा काही भाग बिघडला तरी उरलेला भाग काम रेटतो, सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून मधल्या वर्षांतच सावध राहायला हवे. 'बी' प्रकारच्या काविळीची लस घ्यावी, दारूपासून दूर राहावे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन उंदरांत आणि माणसांतही यकृताचा कर्करोग घडवते. भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. आई बुरसटलेले दाणे निवडून टाकते, तेव्हा मी हल्ली तिच्या शेजारी बसतो.