‘दूध पुरत नाही’ कसं घडतं

बाळंतिणीच्या खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास ऐकू येणारं वाक्य आहे: ‘हिला दूध पुरत नाही.’ कधी ते सासूबाई म्हणतात, कधी भेटायला आलेली मावशी, कधी राउंडवरचे डॉक्टरही. पुरावा म्हणून बाळाचं रडणं असतंच. मग कोणीतरी खालच्या मेडिकलमध्ये जातं आणि पावडरचा डबा घेऊन वर येतं.

पावडरच्या दुधाचा व्यापार आजही याच वाक्यावर चालतो, असं माझं मत आहे. आईचं दूध सर्वांत चांगलं हे आज कोणी नाकारत नाही, कंपन्याही नाकारत नाहीत. पण ‘तुझं दूध कमी पडतंय’ एवढी शंका पहिल्या आठवड्यात आईच्या मनात शिरली, तर पुढचं काम तिचं शरीरच करून टाकतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी दूध कसं येतं ते पाहू.

वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि दूध बनण्याचा मार्ग मोकळा होतो. मात्र भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस जातात. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या बाईला थोडे जास्तच. तोवर येतो तो चीक: घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर मिळाला तरी पुष्कळ झाला. बाळाची गरजही तेवढीच असते. या दिवसांत त्याचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं. हे माहीत नसलेल्या घरात काटा खाली सरकला की घबराट होते.

पुढचा सगळा कारभार बाळाच्या ओढण्यावर चालतो. बाळ ओढू लागलं की तो संदेश आईच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत जातो आणि तिथून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवून चालत नाही. ऑक्सिटोसिन दुखण्याने, भीतीने, काळजीने अडतं. भरलेल्या स्तनांतूनही पान्हा फुटत नाही तो अनेकदा यामुळे. तिसरी गोष्ट स्तनाच्या आतच घडते. दूध साचून राहिलं की नवं दूध बनणं मंदावतं. स्तन रिकामा झाला की पुन्हा वेग येतो. म्हणजे उद्या किती दूध येईल, हे बरंचसं आज किती ओढलं गेलं यावर ठरतं.

आता यात डबा येतो. तिसऱ्या रात्री बाळ रडतं म्हणून साठ मिलिलिटर पावडरचं दूध दिलं जातं. त्या वयाच्या पोटाला हे जास्त आहे. बाळ सुस्तावून तीन-चार तास झोपतं. ‘बघा, भूकच होती,’ असं सगळे म्हणतात. त्या तीन-चार तासांत आईचं एक पाजणं चुकतं, स्तन भरून दुखू लागतात, दूध बनण्याचा वेग उतरतो. बाटलीच्या बोंडातून दूध फारसे कष्ट न घेता येतं, त्यामुळे अंगावर ओढायला बाळ चटकन कंटाळतं आणि रडतं. रडलं की पुन्हा बाटली. दोन आठवड्यांनी दूध खरोखरच कमी झालेलं असतं आणि ते पहिलं वाक्य बोलणारा बरोबर ठरतो.

म्हणूनच दवाखान्यातून घरी जाताना दिला जाणारा फुकटचा डबा ही साधी भेट नव्हती. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं, आणि दुसरा डबा विकत घ्यावा लागायचा.

ही फट बाजाराने एकट्याने पाडली असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. आपल्याकडे कित्येक घरांत चीक ‘खराब’ समजून पिळून टाकत, बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवत आणि तिसऱ्या दिवशी अंगावर घेत. आईच्या पहिल्या दुधाबद्दलचा अविश्वास जुनाच होता. नंतर बोंडल्याच्या जागी बाटली आली आणि मधाच्या जागी डबा.

युरोपात युस्टस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात बाळांसाठी कृत्रिम अन्न तयार केलं. 1867 मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात हेन्री नेस्लेने दूध, गहू आणि साखर यांचं पीठ बाजारात आणलं. ज्या बाळांना आईचं दूध मिळूच शकत नव्हतं त्यांच्यासाठी ते होतं, आणि तशी बाळं त्या काळी खूप होती. आपल्याकडे ग्लॅक्सो आलं ते न्यूझीलंडच्या नेथन कुटुंबाच्या कंपनीचं दूधभुकटीचं नाव म्हणून. हिंदुस्थानात ते विकण्यासाठी 1924 मध्ये वेगळी कंपनी निघाली, आणि औषधांत शिरल्यावरही तिचं मोठं ठाणं मुंबईत वरळीला होतं. त्या डब्यावरच्या गुबगुबीत बाळामुळे मराठी घरांत ‘अगदी ग्लॅक्सो बेबी’ हे कौतुक रुळलं, आणि बाळ कसं दिसावं याचं मापही ठरलं. अंगावर पिणारं, चपळ, बेताच्या अंगाचं बाळ या मापात ‘हडकुळं’ दिसू लागलं. पुढे म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालआहार करण्याची पद्धत काढली आणि आणंदच्या सहकारी संघाने तो बाजारात आणला. तेव्हा ती देशाच्या अभिमानाची गोष्ट होती. परदेशी कंपन्यांना एकट्याने दोष देऊन हा इतिहास पुरा होत नाही.

धोक्याची घंटा वाजवणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. सिसिली विल्यम्स यांचं घ्यायला हवं. जमैकात जन्मलेल्या या बालरोगतज्ज्ञाने आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये क्वाशिओरकॉर या कुपोषणाची ओळख जगाला करून दिली. 1939 मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर त्यांनी ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचं भाषण केलं. परिचारिकेसारखा वेश घातलेल्या विक्रेत्या बायका गरीब आयांना डबाबंद दुधाकडे वळवत होत्या आणि त्यांची बाळं मरत होती, हे त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना तोंडावर सांगितलं. हे धाडस थोडंथोडकं नव्हतं.

व्यापक गाजावाजा व्हायला आणखी पस्तीस वर्षं गेली. 1974 मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेने माइक मुलर यांची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने जर्मन भाषांतराला ‘नेस्ले बाळं मारते’ असा मथळा दिला आणि कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. 1976 मध्ये बर्नच्या न्यायालयाने तेरा जणांना तीनशे फ्रँकचा दंड केला, कारण मथळ्यातला आरोप कायद्याने टिकत नव्हता. पण त्याच न्यायाधीशांनी कंपनीला आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून फेरविचार करायलाही सुनावलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. 1978 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी सुनावणी घेतली. 21 मे 1981 रोजी जागतिक आरोग्य परिषदेत विक्रीची आंतरराष्ट्रीय संहिता 118 विरुद्ध 1 मतांनी संमत झाली. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं होतं.

त्या पुस्तिकेतला मुख्य मुद्दा आजही एका डब्यावर तपासता येतो. साधारणपणे शंभर मिलिलिटर दुधाला तेरा ग्रॅम पावडर लागते, म्हणजे चारशे ग्रॅमच्या डब्यात तीन लिटरच्या आसपास दूध होतं. तीन महिन्यांचं, पावणेसहा किलोचं बाळ फक्त यावर असेल तर दिवसाला साडेआठशे मिलिलिटर तरी पिईल. डबा साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला आठ-नऊ डबे लागतात. रोजंदारीवरच्या घरात तोच डबा आठवडाभर पुरवायचा ठरवला की मापाच्या चमच्यामागे दुप्पट पाणी पडतं. बाळाचं पोट भरतं, पण पोषण निम्म्यावर येतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळून किंचितच निवलेल्या, सत्तर अंशांच्या वरच्या पाण्यात ती मिसळायची असते. बाटली आणि बोंड रोज उकळायचं असतं. इंधन मोजून वापरणाऱ्या घरात हे दिवसाला आठ वेळा होत नाही, आणि मग जुलाब सुरू होतात. अंगावरच्या दुधात पातळ करण्याचा प्रश्न येत नाही, उकळण्याचाही नाही.

भारताने 1983 मध्ये राष्ट्रीय संहिता आणि 1992 मध्ये कायदाच केला, तो 1 ऑगस्ट 1993 पासून लागू आहे. त्यामागे आपल्याकडच्या माणसांचं मोठं काम आहे. मुंबईत डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची ‘अकॅश’ ही ग्राहकहिताची संस्था या विषयावर लढत होती. स्तनपानासाठी काम करणारं बीपीएनआय हे देशव्यापी जाळं 1991 च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झालं. कायदा मोडल्याची तक्रार न्यायालयात नेण्याचा अधिकार सरकारने या दोन्ही संस्थांना दिला.

2003 च्या दुरुस्तीनंतर हा कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीच्या दुधाची, बाटलीची, बालआहाराची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुना देता येत नाही. डब्यावर आईचं किंवा बाळाचं चित्र छापता येत नाही. तो ग्लॅक्सो बेबी कायद्यानेच डब्यावरून उतरला. विक्रीवर कमिशन नाही, डॉक्टरांना भेट नाही, त्यांच्या परिषदांना पैसा नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार ही रक्कम आज एवढ्या मोठ्या कंपनीच्या हिशेबात जाणवणारही नाही. ती वाढवायला हवी.

कायद्याने जाहिरात थांबली, पण ते वाक्य थांबलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालांनुसार हा व्यापार वर्षाला सुमारे 55 अब्ज डॉलरचा आहे, आणि आता तो ॲप, समाजमाध्यमं आणि आयांचे ऑनलाइन गट यांतून चालतो. प्रसूतीची तारीख भरणारी बाई कुठल्या महिन्यात कोणत्या काळजीत असेल, हे विकणाऱ्याला कळतं. 2023 च्या ‘लॅन्सेट’ मालिकेने आणखी एक पद्धत दाखवली. बाळाचं रडणं, थोडंसं दूध ओकणं, रात्री सारखं उठणं या नेहमीच्या गोष्टी आजारासारख्या मांडायच्या आणि प्रत्येकीसाठी वेगळा डबा पुढे करायचा. बाळ साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त रडतं, तेही संध्याकाळी, जेव्हा घर भरलेलं असतं आणि आई थकलेली असते. शंका पेरायला याहून सोयीची वेळ नाही. अमेरिकेत असा कायदाच नसल्याने न्यू जर्सीत बाळंत होणाऱ्या आपल्या मुलींच्या दारात नमुन्याचे डबे टपालाने येऊन पडतात, काही वेळा बाळ होण्याआधीच.

आपल्या देशातला आकडा मला जास्त टोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच होती. सहा महिन्यांखालच्या बाळांत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्यांचं प्रमाण मात्र चौथ्या फेरीतल्या 54.9 वरून 63.7 वर गेलं. घराघरांत फिरणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांचा यात नक्कीच वाटा आहे. कमी पडतो तो दवाखान्यातला पहिला तास, जिथे डॉक्टर आणि नर्स हाताशी असतात. शिकलेल्या हातांनी तेव्हा बाळ नीट लावून दिलं, तोंड मोठं उघडून बोंडाभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला, हनुवटी स्तनाला टेकली, तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

डबा वाईट आणि आई दोषी, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. आई दगावली असेल, केमोथेरपी चालू असेल, बाळाला गॅलॅक्टोसेमियासारखा विकार असेल, तर डबा जीव वाचवतो. काही बायकांना खरोखर कमी दूध येतं. कमी दिवसांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूधही मिळू शकतं; मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी उभी केली. आणि कामावर परतणाऱ्या बाईला एसटी स्थानकावरच्या हिरकणी कक्षासारखी जागा कचेरीतही मिळत नसेल, तर तिच्या बाटलीचा हिशेब कचेरीकडेच मागायला हवा.

खरंच कमी आहे की नाही, हे रडण्यावरून कळत नाही. ते दुपट्यांवरून आणि काट्यावरून कळतं. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

आटलेलं दूध बरेचदा परत आणताही येतं, हे फार कमी घरांना ठाऊक असतं. ज्या यंत्रणेने ते आटलं तीच उलटी चालवायची. बाळाला दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा अंगावर घ्यायचं, रात्रीचं चुकवायचं नाही. वरचं दूध लगेच तोडायचं नाही. ते वाटीत घेऊन एका बारीक नळीने बोंडाजवळ आणायचं, म्हणजे ओढताना बाळाला दूध मिळत राहतं आणि ओढण्याचा संदेशही वर जातो. बाटली बाजूला ठेवायची. आईला पाठीवरून हात फिरवणारं, तिचं बाकीचं काम उचलणारं माणूस जवळ हवं. काहींना आठवड्यात फरक दिसतो, काहींना तीन-चार आठवडे लागतात. डॉक्टर किंवा स्तनपान समुपदेशक बाळाचं वजन पाहत राहतात आणि त्या अंदाजाने वाटीतलं दूध थोडं थोडं कमी करत नेतात.