बागेतील तक्रार म्हणजे चहाडी नव्हे

नवी पेठेतील एक वयस्क व्यापारी गृहस्थ रोज पहाटे शहरातील एका सार्वजनिक बागेत फिरावयास जातात. गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. बागेच्या मागच्या कोपऱ्यात कोणीतरी रात्री इमारतीचा राडारोडा आणून टाकतो, त्याखाली कडुनिंबाची दोन रोपे गाडली गेली, आणि टाकणाऱ्याच्या गाडीचा क्रमांक आपण दोनदा पाहिला आहे, असे त्यांनी सांगितले. 'मग महानगरपालिकेस कळविले का नाही?' असे आम्ही विचारताच ते उत्तरले, 'वकीलसाहेब, चहाडी करणे आपल्या घराण्यात नाही.' हे उत्तर एकट्या त्यांचे असते तर त्याबद्दल लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु शंभरांतील नव्वद सज्जन हेच उत्तर देतील, म्हणून त्याचा विचार करणे अवश्य आहे.

सोलापुरास चहाडीचा तिटकारा का, हे सांगावयास नको. मे १९३० मध्ये रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि पुढे या शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. राष्ट्रध्वज मिरविणे हाही त्या दिवसांत अपराध ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावात सरकारदरबारी खबर देणाऱ्याविषयी घृणा उत्पन्न व्हावी यात नवल ते काय? ती घृणा त्या काळी योग्यच होती. प्रश्न एवढाच की, परक्या सत्तेच्या खबऱ्याला लावलेले माप स्वराज्यातील नागरिकाला लावावे काय?

आमच्या मते मुळीच लावू नये. खबर कोणास दिली, कोणाच्या हितासाठी दिली आणि कोणाच्या नावाने दिली, या तीन गोष्टींवरून चहाडी व तक्रार यांतील भेद ठरतो. चहाडखोर आपल्याच माणसांविरुद्ध परक्याकडे जातो, स्वतःच्या लाभासाठी जातो आणि नाव लपवून जातो. बागेविषयी अर्ज करणारा नागरिक आपणच निवडलेल्या संस्थेकडे जातो, सर्वांच्या मालमत्तेसाठी जातो आणि अर्जाखाली स्वतःची सही करतो. उलट बाजूनेही पाहावे. १९३० चे सत्याग्रही भर दिवसा, हजारोंच्या समक्ष, शिक्षेची तयारी ठेवून कायदा मोडीत होते. राडारोडा टाकणारा मात्र अंधाराची वाट पाहतो. त्याला आपल्या मौनाचा आश्रय देणे हा हुतात्म्यांच्या परंपरेचा मान नव्हे, तिची विटंबना होय. किल्ल्यालगतच्या बागेस 'हुतात्मा बाग' हे नाव देणाऱ्या शहराने तरी हा विवेक राखलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, दोन रोपांसाठी एवढा ऊहापोह कशाला? ज्यांच्या बंगल्यापुढे हिरवळ आहे त्यांना बाग नसली तरी चालेल. परंतु यंत्रमागावर पाळी भरणारा कामगार आणि दिवसभर विड्या वळणारी बाई, यांचे कुटुंब एका खोलीत राहते. वैशाखात पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापते. अशा घरांना सार्वजनिक बाग ही दुसरी खोलीच असते. तेथे मुलगा अभ्यास करतो, म्हातारी वारा घेते. बागेचा एक कोपरा बळकावणारा मनुष्य त्यांच्या घरातील एक खण बळकावतो. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून तळे उभारले अशी या गावाची श्रद्धा आहे. सर्वांनी मिळून उभारलेले सर्वांनी मिळून राखावे, हा धर्म आम्हांस कोणी बाहेरून शिकवावयास नको.

मात्र येथे एक इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. तक्रारीचे शस्त्र दुर्बलावर चालविणे सोपे असते. झाडाखाली निजलेला मजूर, बाकावर बोलत बसलेले तरुण-तरुणी, गवतावर चेंडू खेळणारी गरिबांची मुले यांच्याविरुद्ध आमचे सभ्य गृहस्थ चटकन आवाज चढवितात. जो मालकाच्या रुबाबाने बागेत गाडी उभी करतो, भिंतीत दार पाडतो, झाडाच्या बुंध्याशी विषारी द्रव्य ओततो, त्याच्यापुढे मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटते! दुसऱ्याचे अस्तित्व आम्हांस रुचत नाही, एवढ्याने नियमभंग होत नाही. सर्वांच्या उपयोगास बाधा आली काय, हीच कसोटी असावी.

आता कायद्याचे पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या ३३ व्या कलमाने काही गंभीर अपराधांची माहिती देणे नागरिकावर बंधनकारक केले आहे. बागेतील राडारोडा त्या यादीत नाही. तेथे कायद्याने नागरिकाच्या सदसद्विवेकावर विश्वास टाकला आहे. तथापि त्याचे हात रिकामे ठेवलेले नाहीत. त्याच संहितेच्या १५२ व्या कलमान्वये सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्यास देता येतो. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार शहरातील झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. १९८० साली रतलामच्या रहिवाशांच्या प्रकरणात, पैशाच्या अडचणीची सबब सांगून नगरपालिकेस आपले कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. १९९१ मध्ये बंगळूर येथील बागेसाठी राखून ठेवलेली जागा खासगी शुश्रूषागृहास देण्याचा बेत त्याच न्यायालयाने हाणून पाडला, आणि दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. या दोन्ही प्रकरणांचा आरंभ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेल्या तक्रारीतूनच झाला, हे विसरू नये.

तक्रार कशी करावी? जागा, तारीख, वेळ व प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट लिहू नये. छायाचित्र असल्यास जोडावे. पण कोणाचा चेहरा भ्रमणध्वनीवरून गावभर फिरवू नये, कारण ती तक्रार नसून धिंड होय. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्यावाचून कचेरीतून हलू नये. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचे पुढे काय झाले ते विचारावे. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास भाग आहे.

तरीही एक गोष्ट आम्ही त्या गृहस्थांपासून लपविली नाही. त्यांच्या 'चहाडी' या शब्दाखाली भय दडलेले होते. गाडीचा मालक वजनदार असला आणि अर्जदाराचे नाव कचेरीतूनच त्याच्या कानी गेले तर? हे भय निराधार आहे असे कोणी म्हणू नये. नागरिकाने सही करावी हे खरे. पण त्या सहीचे रक्षण करणे हे महानगरपालिकेचे काम आहे. अर्जदाराचे नाव फोडणाऱ्या नोकरास शिक्षा झाली पाहिजे. तसेच प्रत्येक बागेच्या दाराशी नियम, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तक्रारीचे ठिकाण यांचा फलक हवा, आणि तो मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या सोलापूरच्या चारही बोलत्या भाषांत हवा. जो नियम वाचता येत नाही तो मोडल्याबद्दल दंड करणे हा न्याय नव्हे.

आमचे बोलणे ऐकून ते गृहस्थ काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी कागद मागितला, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन शेजाऱ्यांच्या सह्या त्याखाली घेऊनच ते कचेरीत गेले. एकट्याच्या सहीस जे भय वाटते, ते चौघांच्या सहीस वाटत नाही. रोपे गेली ती गेली. परंतु त्या कोपऱ्यात नवी लावावयाची असतील तर आधी तेथील राडारोडा उचलला गेला पाहिजे. तो उचलला जाईपर्यंत त्या अर्जाचा आवक क्रमांक आम्ही विसरणार नाही, व आमच्या वाचकांनीही आपापल्या बागेपुरते हेच व्रत घ्यावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.