सध्या काय ऐकताय?

देवगंधर्व भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याबद्दल मराठीत अपार प्रेमाने लिहिलं गेलं आहे, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ तर १९४६पर्यंत हयात होते. मुंबईत ध्वनिमुद्रणाची सगळी सोय हाताशी असताना त्यांनी आपलं गाणं तबकडीवर उतरू दिलं नाही. या दोन थोर गवयांविषयी आपल्याला आदर बाळगता येतो, आठवणी वाचता येतात. मतभेद मात्र करता येत नाही. मतभेद करायला आधी काहीतरी कानावर पडावं लागतं.

बालगंधर्व, अब्दुल करीमखाँ, केसरबाई केरकर, मास्टर कृष्णराव यांचं तसं नाही. एखादा म्हणाला, 'करीमखाँसाहेबांचा आवाज फारच नाजूक,' तर दुसरा म्हणू शकतो, 'थांबा, हे ऐका,' आणि सुई पुन्हा तबकडीवर ठेवू शकतो. मैफलीवरचा वाद हा शेवटी दोन आठवणींमधला वाद. एकाला जे लख्ख आठवतं, ते दुसऱ्याच्या कानावर आलेलंच नसतं. तबकडीने दोघांच्या पुढ्यात नेमकं तेच गाणं, हवं तितक्यांदा आणून ठेवलं. 'सध्या काय ऐकताय?' या साध्या प्रश्नाला रसिकांच्या जगात वजन आलं ते त्यानंतर. समोरच्याचं उत्तर ऐकून आपण घरी जाऊन तीच रेकॉर्ड लावू शकतो आणि पुढच्या भेटीत त्याच्याशी कडाडून भांडू शकतो. या भांडणाने आपले कान तयार केले, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात झाली ती तीन मिनिटांच्या गाण्यांनी. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि कुठली तबकडी कुणाची हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही सोय होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांहून फार काही मावत नसे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाने तेवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप, ताना सगळं बसवायचं. ते सगळ्यांना जमलं नाही. ज्यांना जमलं, त्यांच्या हातून एक वेगळाच गायनप्रकार जन्माला आला, आणि त्याला मैफलीची फुटपट्टी लावणं योग्य नाही. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर भारतातलं हे एकच गाणं आहे, आणि ते संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीमुळे निवडलं गेलं. एका रसिक अभ्यासकाने ठामपणे सांगितलं, 'हीच घ्या,' आणि गोव्यातल्या केरी गावची गायिका सूर्यमालेबाहेर गेली! त्या भैरवीत मला सर्वांत जास्त भावतो तो तिचा दमदारपणा. वेळ थोडा आहे याची जाणीव त्या आवाजात कुठेही नाही.

जुन्या तबकड्यांविषयी मत देताना एक पथ्य पाळायला हवं. पहिल्या काही दशकांत मुद्रणाची गती पुरती ठरलेली नव्हती. जी तबकडी मंद गतीने मुद्रित झाली, ती मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजवली की स्वर चढतो, लय वाढते आणि तान आहे त्यापेक्षा जलद वाटते. 'अमुक बुवा काय उंच पट्टीत गात!' असं आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा ते आपल्या यंत्राचं कौतुक असतं. जाणकार संग्राहक आधी गायकाची नेहमीची पट्टी कुठली होती ते शोधतात, त्यानुसार गती जुळवतात आणि मगच ऐकतात.

अशा एका तबकडीने काय घडू शकतं, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण भीमसेन जोशींचं. गदगला लहानपणी त्यांनी अब्दुल करीमखाँची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि आपल्याला असंच गाता आलं पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडलं. पुढे ते करीमखाँच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे शिकले. तीन मिनिटांच्या गाण्याविषयी एका मुलाने बनवलेलं ते मत होतं, आणि ते त्याने आयुष्यभर निभावलं.

आपल्याकडे गाण्याविषयी मोकळेपणाने मत मांडण्याची वाट ज्यांनी रुळवली, त्यांत केशवराव भोळे यांचं नाव आधी घ्यावं लागेल. प्रभातच्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू'सारख्या चित्रपटांना संगीत देणारा हा माणूस 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकात हयात गायकांविषयी गुणदोषांसह लिहितो. त्या काळात हे धाडस होतं. मग १९६१मध्ये वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' आलं. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या वामनरावांनी स्वर आणि लय ही दोन टोकं धरली. किराणा स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, जयपूरमध्ये दोन्हींचा तोल, अशी ती मांडणी. ती प्रत्येकाला पटली नाही, पटायला हवी असंही नाही. तिने रसिकाला 'छान', 'अप्रतिम' यांच्या पलीकडचे शब्द दिले. गाणं का आवडलं, हे सांगायचं तर कुठे तोल गेला आणि कुठे साधला हे सांगावं लागतं, ही शिस्त त्या पुस्तकाने लावली.

एलपी आली आणि वादांना खरा रंग चढला. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली ती बाजारात आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ, म्हणजे विलंबित ख्याल श्वास घेऊ शकेल इतकी जागा. आपल्याकडच्या एलपींची गोष्ट ग. ना. ऊर्फ जी. एन. जोशी यांच्याशिवाय सांगताच येत नाही. भावगीताच्या पहिल्या पिढीतले हे गायक पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि कितीतरी मोठ्या कलाकारांना त्यांनी मायक्रोफोनसमोर बसवलं. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आत्मकथनात त्या दिवसांच्या हकिगती आहेत. १९६७चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बमही त्यांच्या काळातला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा पहाटेपासूनचा दिवस एकामागून एक रागांतून उलगडत जातो, सुरुवात अहिर भैरवने. हे शास्त्रीय म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. माझ्या मते, एलपी ही स्वतंत्र रचना असू शकते, तिला सुरुवात-मध्य-शेवट असू शकतो, हे भारतीय संगीतात या अल्बमने दाखवून दिलं. त्यातला एखादाच तुकडा वेगळा काढून ऐकणाऱ्याला तो अल्बम ऐकल्याचं समाधान मिळणार नाही.

पण मराठी रसिकांत सर्वांत जास्त चर्चा ज्या एका तबकडीची होते, ती किशोरी आमोणकरांची. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपातलं 'सहेला रे' इतकं घराघरांत गेलं, की शास्त्रीय संगीताशी एरवी संबंध नसलेल्या माणसालाही ते ओळखू येतं. याच लोकप्रियतेमुळे ही तबकडी नीट ऐकायची राहून जाते. बहुतेकांना द्रुत पाठ असतं आणि त्याआधीचं विलंबित 'येईपर्यंत थांबायचं' असतं. मी सुचवेन, द्रुत काही दिवस विसरून जा.

भूप म्हणजे पाच स्वर, सा रे ग प ध. हेच पाच स्वर देसकारातही आहेत. भूपात गंधार राज्य करतो, देसकारात धैवत. म्हणजे राग ओळखायचा तो स्वरांवरून नव्हे, वागणुकीवरून. कुठे थांबला, कुठून वळला, कुठल्या स्वराला मान दिला. किशोरीताईंच्या विलंबितात प्रत्येक वेळी गंधारावर येणं निराळं आहे. कधी ऋषभावरून अलगद चढून, कधी पंचमावरून उतरून, कधी तो स्वर लागल्यावरही त्याच्यात हलकेच काहीतरी चाललेलं. इथेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ही मोगूबाई कुर्डीकरांची लेक, अल्लादियाखाँच्या परंपरेतली; आवर्तनाला घट्ट बांधलेली, पेचदार जयपूर गायकी इथे सैल झाली आहे. दुसरा म्हणतो, घराणं ओलांडून रागाच्या भावाकडे जाण्याची ही वाट आहे. किशोरीताई स्वतः आयुष्यभर रागाच्या भावाबद्दल बोलत राहिल्या, तेव्हा दुसऱ्या तटाला त्यांचाच आधार आहे.

माझं मत दोन्हींच्या मधलं आहे, आणि ते पुन्हापुन्हा ऐकून तयार झालं आहे. आलापीत त्या लयीपासून दूर गेल्यासारख्या वाटतात, पण सम येते तेव्हा मुखडा घाईने गाठलेला नसतो. आवर्तन आतल्या आत मोजलेलं असतं. आणि ताना सुरू झाल्या की जयपूरची ती अनपेक्षित वळणं सरळ समोर येतात. ज्यांना ती तबकडी सैल वाटते, त्यांनी पहिली पाच मिनिटं सोडून शेवटची पाच आधी ऐकून पाहावीत. मग आपलं मत पुन्हा सांगावं.

शास्त्रीय संगीताबाहेरही असंच होतं. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५पासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे वेगवेगळे गायक पात्रांप्रमाणे गात होते. पुढे एलपींच्या संचात ती सगळी गीतं एकट्या फडक्यांच्या आवाजात आली, आणि आज बहुतेकांच्या मनातलं गीतरामायण हेच आहे. ज्यांनी रेडिओवर ऐकलं, ते निरनिराळ्या आवाजांची नाट्यमयता विसरायला तयार नसत. एकाच आवाजात ऐकलेल्यांना कथा सांगणारा माणूस समोर बसल्याचा अनुभव हवासा वाटतो. दोघेही प्रामाणिक आहेत. इथे वाद गायकीचा नाही, कथा कुणाच्या तोंडून ऐकायची याचा आहे.

कॅसेट आली तेव्हा ऐकणं स्वस्त झालं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या दुकानांनी मोठ्या कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या गवयांच्या कॅसेट काढल्या. अशा दुकानात गेलेला माणूस एक कॅसेट आणि दोन मतं घेऊन बाहेर पडे. संग्राहकांनीही आपली मंडळं उभी केली. १९९० साली मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्यातली महत्त्वाची. तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक सुरेश चांदवणकरांनी सांभाळलं. तबकडी कुठल्या साली निघाली, क्रमांक काय, साथीला कोण, ही कोरडी वाटणारी माहिती या लोकांनी जमवली म्हणून आपल्या मतांना पाया मिळाला.

आज फोनमध्ये सगळं आहे. तक्रार करण्याचं कारण नाही. करीमखाँ लहान गावातल्या मुलाला एका बोटावर मिळतात, याचा आनंदच आहे. अडचण एवढीच, की फोनमधली रेकॉर्ड तारखेविना, साथीदारांच्या नावांविना येते, आणि कुणीतरी खरखर काढून टाकण्याच्या नादात तानपुऱ्याची वरची झणझण पुसलेली असते. एलपीच्या दोन बाजू एकत्र चिकटवलेल्या, कधी शेवट कापलेला. म्हणून ऐकायला बसताना शक्य असेल तर दोन-चार जण एकत्र बसा. एक बाजू पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने एकच जागा सांगायची, जिथे कान टवकारले. जागा जुळल्या नाहीत तर तीच बाजू पुन्हा लावायची. यंत्र साधं असलं तरी चालतं. त्यासाठी महागड्या स्पीकरची गरज नाही.

सध्या मी अमीरखाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी ऐकतो आहे. दोन्ही बाजूंवर विलंबित लय इतकी संथ, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तबला कुठे आहे हेच शोधावं लागतं. दरबारीला रसिकांकडून मान जास्त मिळतो, आणि त्यातलं मंद्रातलं काम खरोखर थोर आहे. तरी माझा कौल मारव्याला. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत पुढे असतात आणि षड्ज मागे राहतो. गायकाला घर दिसत असतं, पण तिथे लगेच जायचं नसतं. बरेच गायक ही अस्वस्थता ताणून दाखवतात. अमीरखाँ ती ताणत नाहीत. ते ऋषभावर शांतपणे बसून राहतात, आणि षड्ज अखेर येतो तेव्हा तो मिळाल्याचा दिलासा न देता पुन्हा धैवताकडे निघून जातो. दरबारीत असा क्षण मला अजून सापडलेला नाही. ज्यांना सापडला असेल, त्यांनी तो कुठे आहे ते मला दाखवावं. मी ती बाजू पुन्हा लावतो.