कारण आर्थिक, दार राजकीय

नातेपुत्याहून पोटासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला कुणाचा परवाना लागत नाही. छोट्या प्रदेशातून परदेशी जाणाऱ्याला मात्र निघण्याचं कारण पुरत नाही. पलीकडचं दारही उघडं लागतं. कारण बहुधा आर्थिक असतं, दार राजकीय.

गोव्याचंच पाहा. पोर्तुगीज राजवटीत उद्योग तोकडे, म्हणून गोवेकर मुंबईला, जहाजांवर, पूर्व आफ्रिकेत नोकरीला जात. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने देशातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा तिथल्या गोवेकरांनाही पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना, तसंच त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्या पासपोर्टचं मोल वाढलं. पुढे अनेकांनी तो घेऊन, व्हिसाविना, ब्रिटनमधलं स्विंडन गाठलं. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखाणी थांबल्या, तसा कमाईचा एक मोठा झरा आटला आणि निघण्याला आणखी एक कारण मिळालं. पण ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर (ब्रेक्झिट), २०२१ पासून, तिथे नव्याने कामाला जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकालाही व्हिसा लागू लागला.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्कही जातो.