कादंबरींतला आवाज आणि पडद्यावरचा चेहरा

कादंबरी ही सांगण्याची कला आहे आणि दूरचित्रवाणी ही दाखविण्याची. हा भेद इतका उघड आहे कीं, तो मुद्दाम बोलून दाखविण्याचें कारण नाहीं असें कोणासहि वाटेल. परंतु जिला बोलण्याचीच बंदी आहे अशा स्त्रीनें सांगितलेली कथा पडद्यावर आणावयाची म्हटली, म्हणजे हा साधा भेद एकाएकीं अवघड होऊन बसतो. मार्गारेट ॲटवुड या कॅनेडियन लेखिकेची ‘द हँडमेड्स टेल’, म्हणजे ‘दासीची कहाणी’, ही कादंबरी १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून रचलेली दूरचित्रवाणी-मालिका २०१७ पासून २०२५ पर्यंत चालली. कादंबरीची मालिका होतांना काय मिळतें आणि काय गमवावें लागतें, हें समजून घेण्यास याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

ॲटवुडबाईंनीं या कादंबरीचें लेखन १९८४ च्या वसंत ऋतूंत पश्चिम बर्लिनमध्यें सुरू केलें. त्या वेळीं शहराभोंवतीं भिंत उभी होती. लिहितांना त्यांनीं स्वतःस एक नियम घालून घेतला होता. मनुष्यजातीनें इतिहासांत कोठें ना कोठें प्रत्यक्ष केलेली नाहीं अशी एकहि गोष्ट पुस्तकांत घालावयाची नाहीं, हा तो नियम. शास्त्रीय कल्पितकथांसाठीं ठेवलेलें पहिलें आर्थर सी. क्लार्क पारितोषिक १९८७ सालीं या कादंबरीस मिळालें. तथापि तींत अंतराळयानें नाहींत, कीं अजब यंत्रें नाहींत. अमेरिकेंतील लोकसत्ता उलथून ‘गिलियड’ नांवाचें धर्मराज्य स्थापन झालें आहे. प्रदूषण, किरणोत्सर्ग आणि रोगराई यांमुळें जन्मसंख्या घटली आहे, आणि ज्या थोड्या स्त्रियांस मूल होऊं शकतें त्यांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरीं दासी म्हणून ठेवण्यांत येतें. बायबलांतील राहेल आणि तिची दासी बिल्हा यांची कथा या व्यवहारास आधार म्हणून पुढें केली जाते. स्त्रियांस वाचण्याची मनाई आहे. दुकानांच्या पाट्यांवरचीं अक्षरें जाऊन तेथें चित्रें आलीं आहेत. आणि दासींना वळण लावण्याचें कठोर काम ज्यांच्याकडे आहे त्या स्त्रियाच असून, त्यांना म्हणावयाचें मावशी!

कथा सांगणाऱ्या स्त्रीचें नांव ‘ऑफ्रेड’. हें तिचें स्वतःचें नांव नव्हे. ‘फ्रेडची’ एवढाच त्याचा अर्थ. घर बदललें कीं नांवहि बदलावयाचें. विवाहाच्या वेळीं ताटांतील तांदुळांवर वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्या मराठी वाचकांस या तपशिलाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. तिचें खरें नांव कादंबरींत कोठेंहि स्पष्टपणें येत नाहीं. आणि ती लिहीत नाहीं, बोलते. कथा संपल्यावर जोडलेल्या अखेरच्या भागांत वाचकास कळतें कीं, आपण आतांपर्यंत जें वाचलें तें ध्वनिफितींवर मुद्रित केलेलें एका स्त्रीचें बोलणें होतें. पुढें विद्वानांनीं त्या फितींचा क्रम अंदाजानें लावून त्यांवरून हें पुस्तक तयार केलें. म्हणजे या कादंबरीचें मूळ द्रव्य अक्षर नव्हे, चित्र तर नव्हेच. कोणीतरी ऐकेल या आशेवर सोडलेला तो एक आवाज आहे.

हा आवाज अडखळतो, एखादा प्रसंग सांगून तो तसा घडला नव्हता म्हणतो, आणि पुन्हां निराळा सांगतो. पळून जातांना तिचा नवरा ल्यूक तिच्यापासून तुटला आहे. तो गोळी लागून मेला, तो तुरुंगांत आहे, तो निसटून सुखरूप आहे, या तिन्ही गोष्टींवर ती एकाच वेळीं विश्वास ठेवते. शब्दांना हें साधतें. कॅमेऱ्यानें एक ल्यूक दाखविला कीं उरलेले दोन खोटे पडतात. कादंबरीचें रूपांतर करणाऱ्यापुढें जी खरी अडचण असते ती ही. दासींचा तांबडा पायघोळ झगा आणि चेहरा झांकणारी पांढरी टोपी शिवून घेणें सोपें आहे. संशय शिवून घेतां येत नाहीं.

ही अडचण पहिल्यानें चित्रपटास भोंवली. १९९० सालीं फोल्कर श्लोन्डोर्फ यांनीं या कादंबरीवर चित्रपट काढला. पटकथेवर नांव होतें हॅरॉल्ड पिंटर या थोर नाटककाराचें. परंतु नायिकेचें मनोगत त्यांत बहुतांशीं वगळलें गेलें. तिला केट असें नांव मिळालें आणि शेवटीं तिच्या हातून अधिकाऱ्याचा वधहि झाला. घटना राहिल्या, पण त्या घटनांना अर्थ देणारी जी आंतली बोलणारी स्त्री, ती मुकी झाली. गिलियडनें जें तिचें केलें, तेंच थोडेंबहुत पडद्यानेंहि केलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इंटरनेटवरून कार्यक्रम दाखविणाऱ्या ‘हुलू’ या अमेरिकन कंपनीची मालिका २६ एप्रिल २०१७ रोजीं सुरू झाली. तिचे कर्ते ब्रूस मिलर. पहिल्या तीन भागांचें दिग्दर्शन रीड मोरॅनो यांचें. नायिका एलिझाबेथ मॉस. या मंडळींनीं आवाजाची उणीव दोन उपायांनीं भरून काढली. एक तर नायिकेचें मनोगत त्यांनीं राखलें, आणि तें बाहेरच्या बोलण्याच्या नेमकें उलट ठेवलें. ओंठांवर धर्माचा ठराविक आशीर्वाद आणि मनांत शिवी, अशी ही जोडी आहे. दुसरें असें कीं, कॅमेरा त्यांनीं तिच्या चेहऱ्याच्या अगदीं जवळ नेला. टोपीच्या पांढऱ्या कडांमध्यें सांपडलेला तो चेहरा, आणि भोंवतालचें जग अंधुक. जी कांहीं बोलूं शकत नाहीं तिच्या पापणीचें लवणें हेंच मग वाक्य होतें. कागदावर जें काम विशेषणांनीं झालें नसतें तें येथें नटीच्या नजरेनें झालें. मालिकेची सल्लागार असलेली लेखिका स्वतः पहिल्या भागांत क्षणभर मावशीच्या वेषांत दिसते आणि आपल्याच नायिकेस थप्पड मारते. रूपांतरास मूळ लेखिकेची संमति होती याचें हें विनोदी चिन्ह समजावें.

पहिल्याच भागाच्या अखेरीस नायिका आपलें नांव मनांतल्या मनांत उच्चारते: जून. वाचकांनीं कादंबरींतील एका यादीवरून हें नांव पूर्वींच ताडलें होतें. आपला मूळ हेतु तसा नव्हता, पण हा तर्क पुस्तकाशीं जुळतो, असें ॲटवुडबाईंनीं म्हटलें आहे. प्रेक्षकास नायिकेचा हात धरावयाचा तर तिला नांव हवें, हें खरें. परंतु नांव कळलें त्या क्षणीं एक पोकळीहि बुजली. जिचें नांव कळत नाहीं ती कोणीहि असूं शकते; जिचें कळतें ती एक विशिष्ट बाई होते.

पुढचे फेरफार याच धोरणानें झाले. काळ १९८५ चा न ठेवतां आजचा केला. गिलियडपूर्वींच्या आठवणींत मोबाईल फोन आले. अधिकाऱ्याची पत्नी सेरेना जॉय कादंबरींत वयस्क आहे. मालिकेंत ती तरुण झाली, आणि दोन स्त्रियांमधील झगडा अधिक धारदार झाला. कादंबरींतील गिलियड कृष्णवर्णीयांना दूरच्या प्रदेशांत हांकलून देतें. मालिकेनें हें काढून टाकलें आणि ल्यूक व मैत्रीण मोइरा यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांस दिल्या. सर्व गोरेच असलेलें जग पुस्तकांत एका वाक्यांत सांगतां येतें. पडद्यावर तें करावयाचें तर नटांनाच दार बंद करावें लागतें. मात्र अशा राज्यांत वर्णद्वेष मुळीं दिसूंच नये, हेंहि अनेक टीकाकारांस खटकलें. सातव्या भागांत तर ल्यूक कॅनडांत जिवंत असल्याचें दाखविलें. कथेला सीमेपलीकडचें दालन मिळालें, पण तीन ल्यूकांपैकीं दोन गेले.

सर्वांत मोठा फरक लांबीनें घडविला. पहिल्या दहा भागांत कादंबरी संपली, आणि त्याच वर्षीं उत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी पारितोषिक मिळालें. इंटरनेटवरील मालिकेस तें मिळण्याची ही पहिलीच वेळ. मग सहा पर्वांत मिळून ६६ भाग झाले. कादंबरींतील ऑफ्रेड वीरांगना नाहीं. गुप्त चळवळीची मैत्रीण हेरगिरी करावयास सांगते तेव्हां ती टाळते. मिळालेल्या थोड्याशा प्रेमांत ती समाधान मानूं लागते, आणि तें मोकळेपणानें सांगते. या कबुलींतच पुस्तकाचा खरा दंश आहे. सामान्य माणूस अन्यायाला किती लौकर सरावतो, हें तेथें दिसतें. परंतु एवढ्या दीर्घ मालिकेस नुसता साक्षीदार पुरत नाहीं. तिला कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री लागते. म्हणून दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस पळून जाण्याची संधि असूनहि जून मागें राहते, आणि चौथ्याच्या अखेरीस अधिकाऱ्याचा सूड घेते. प्रेक्षकास यानें धीर येतो, पण ‘त्या जागीं आपणहि गप्प बसलों असतों काय?’ हा प्रश्न मात्र हळूंच बाजूला पडतो.

तरीहि केवळ तोट्याचा हिशेब मांडणें अन्यायाचें होईल. मार्च २०१७ मध्यें, मालिकेच्या जाहिराती सुरू झाल्या असतांना, गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकांचा निषेध म्हणून टेक्सासच्या विधिमंडळांत कांहीं स्त्रिया दासींच्या वेषांत निमूटपणें जाऊन बसल्या. २०१८ सालीं आर्जेंटिनांतहि तोच वेष रस्त्यावर दिसला. तो वेष पुस्तकांत बत्तीस वर्षें होता. त्याला देशोदेशींच्या स्त्रियांची मूक भाषा करण्यांत पडद्याचा वांटा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र मालिकेनें घेतली नाहीं. कादंबरीच्या त्या अखेरच्या भागांत २१९५ सालची विद्वत्परिषद आहे. गिलियड केव्हांच लयास गेलें आहे. ध्वनिफितींचे संशोधक प्राध्यापक खेळकर कोट्या करतात, श्रोते हंसतात. आणि त्या स्त्रीच्या दुःखापेक्षां तो अधिकारी नेमका कोण होता याचीच त्यांना अधिक उत्सुकता असते. राज्य बदललें, पण ऐकण्याची रीत बदलली नाहीं, हा त्या पानांचा आशय. मालिकेच्या शेवटच्या भागांत, मे २०२५ मध्यें, जून आपल्या जुन्या खोलींत येऊन बसते आणि आपली कथा सांगण्यास आरंभ करते. मालिका जेथें थांबते तेथें कादंबरीचें पहिलें पान सुरू होतें. आठ वर्षें चेहरा दाखवून पडद्यानें अखेर आवाजाचा मान मूळ पुस्तकाकडे परत केला. त्या प्राध्यापकांसारखें ऐकावयाचें कीं नाहीं, हें मात्र प्रत्येक घरांतील वाचकानें आणि प्रेक्षकानें स्वतःच ठरवावयाचें आहे.